न साठलेला तास

औषधाच्या दुकानात गर्दी नव्हती. तो काउंटरवर कोपर टेकून उभा होता आणि दुकानदार आतल्या फळ्यांवर त्याच्या पोटाच्या गोळ्या शोधत होता. शेजारी एक बाई येऊन उभी राहिली. तिने कापसाचा मोठा गठ्ठा मागितला, त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग नीट वळून पाहिलं आणि म्हणाली, "काका, ओळखलं नाहीत ना? पोटात नळी घालून तपासलं होतं बघा तुम्हाला. मी तिथली सिस्टर." त्याला काही केल्या ओळख पटेना, पण तोंडावर हसू आणून तो म्हणाला, "असं कसं, ओळखलं की." "जेवण जातंय ना आता?" "जातंय. आता बायकोच म्हणते, आवरा." सिस्टर हसली. बाई बोलकी होती. कापूस काखेत मारून ती निघाली आणि जाता जाता आवाज जरा खाली आणून, रोजचीच चौकशी करावी तशी म्हणाली, "आणि मुलीशी बोलणं झालं का मग?"

"कुठल्या मुलीशी?" तो म्हणून गेला. त्याला मुलगी एकच होती.

"अहो, कुठल्या काय! त्या दिवशी नळी काढल्यावर किती रडलात तुम्ही. मी पडद्याच्या पलीकडेच होते. काकूंचा हात धरून सारखं एकच, आत्ता लाव फोन, आत्ता लाव. आणि काकू म्हणत होत्या, उद्या लावू, उद्या नक्की." मग त्याचा चेहरा पाहून ती थांबली. "विसरलात होय? बरोबर आहे, ते औषधच तसं असतं. एका आजोबांनी आमच्या डॉक्टरांचं लग्न जमवलं होतं स्वतःच्या नातीशी, तारखेपर्यंत बोलणी. दुसऱ्या दिवशी ओळखसुद्धा नाही." ती एकटीच हसली आणि चूक झाल्यासारखी घाईने पायऱ्या उतरून गेली. दुकानदार गोळ्या घेऊन आला होता आणि काहीतरी विचारत होता. याने त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवली. कशाला हलवली, ते त्यालाही कळलं नाही.

बाहेर पडल्यावर बस समोरच उभी होती, पण तो चढला नाही. पाय रस्त्याला लागले आणि तो चालत राहिला. मुलीचं नाव त्या घरात कित्येक वर्षांत उच्चारलं गेलं नव्हतं. कुणी ठरवून बंद केलं असं नव्हे. जिना चढताना मोडकी पायरी जशी आपोआप ओलांडली जाते, तसं ते नाव ओलांडलं जायचं. आणि आता एक परकी बाई, कापूस विकत घ्यायला आलेली, तिच्यापाशी त्याचं रडणं होतं. त्याने पाहिलेलं नाही असं त्याचं रडणं. तो लाँड्रीसमोरून गेला, दारातून वाफ आली, आत एक माणूस शर्टाच्या बाह्या घडीत बसवत होता. त्याला वाटलं, आपलाही एक तास असा कुणीतरी घडी घालून आपल्याच घरात, आपल्याला दिसणार नाही अशा जागी ठेवून दिलाय. रडलो म्हणजे काहीतरी ऐकलं. उगाच कुणी रडत नाही. फोन लाव म्हणालो, म्हणजे लावण्यासारखा फोन आहे हे तोवर मला कळलेलं होतं. कुणी सांगितलं? खाटेपाशी एकच माणूस बसलेलं होतं.

तपासणीच्या आधीचं सगळं त्याला लख्ख आठवत होतं. उलट जरा जास्तच, कारण तो घाबरलेला होता. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगायची हौस असलेला. "ही भूल नव्हे काका. तुम्ही जागे असाल, बोलाल, सांगू ते कराल. फक्त मेंदूत एक ब्रेक असतो, हे औषध तो ब्रेक जरा जोरात दाबून धरतं. मग भीती वाटत नाही आणि घडतंय ते साठत नाही. तास दीड तास." त्याला ते ऐकून बरं वाटलं होतं. बायकोनेच विचारलं होतं, "साठत नाही म्हणजे काहीच नाही?" डॉक्टर म्हणाला, "काहीच नाही काकू." ती मग बाहेर जायला उठली, पर्स खांद्याला लावली आणि दारातून परत वळली. "आणि नंतर कधी? पुढेमागे? आठवत नाही?" डॉक्टर हसून म्हणाला, "जे साठलंच नाही, ते पुढेमागे येणार कुठून?" तेव्हा तिच्या वळून येण्याचं त्याला कौतुक वाटलं होतं. म्हातारी आपल्या दुखण्याचा किती विचार करते, नळीचा त्रास आपल्या लक्षातसुद्धा राहू नये म्हणून दोनदोनदा खात्री करून घेते. तिच्या हातावर त्याने हात ठेवला होता. आज, चालता चालता, त्याच दृश्याकडे त्याने पुन्हा पाहिलं. तोच दरवाजा, तीच पर्स, तेच दोन प्रश्न. आणि ती बाई एखाद्या कुलपाची खिटी दोनदा ओढून पाहावी तशी डॉक्टरचं उत्तर ओढून पाहत होती.

गोदामांच्या राखणीसाठी कुत्री तयार करणाऱ्या कंपनीत त्याचा जन्म गेला होता. लोक त्याला मास्तर म्हणायचे. शिकवायचं म्हणजे काय, हे त्याने पुस्तकातून नव्हे, कातडी पट्ट्यातून आणि उकडलेल्या काळजाच्या तुकड्यांतून शिकलेलं. कुत्र्यांचा डॉक्टर मोठा गप्पिष्ट होता. तो म्हणायचा, मास्तर, तुम्ही खाऊ देता ना, त्या खाऊने कुत्रं शिकत नाही. खाऊ मिळेल का नाही, या धाकधुकीत त्याच्या डोक्यात एक रस सुटतो, त्याने ते शिकतं. दर वेळी दिलात की रस आटतो. कधी द्यायचा, कधी नाही, मग बघा जन्मभर तुमच्या हाताकडे बघत बसेल. आणि भीतीचा रस वेगळा. तो एकदाच सुटतो आणि तेवढाच पुरतो. खाऊने शिकवायला महिना लागतो, भीती पहिल्याच खेपेला पक्की बसते. अंगच मेंदूला हुकूम सोडतं, हे ठेव. म्हणून तर तिथे एक रीत होती. सुई टोचायची, जखमेत औषध भरायचं, नखं मुळापासून कापायची, असली कामं मास्तरांनी करायची नाहीत. त्यासाठी डॉक्टरच्या हाताखाली एक माणूस होता, सगळे त्याला सुईवाला म्हणत. सुईवाला आला की मास्तरांनी नजरेआड व्हायचं, शर्टसुद्धा तिथे टांगलेला ठेवायचा नाही, आणि टोचून झाल्यावर हातात तुकडा घेऊन, काही माहीतच नसल्यासारखं यायचं. "गोड तेवढं तुमचं, कडू तेवढं माझं," सुईवाला म्हणायचा. "एवढी वर्षं झाली मास्तर, एक कुत्रं माझ्याकडे बघून शेपूट हलवत नाही. बायको विचारते, तुम्ही करता तरी काय तिथे?" सुईवाल्याच्या असल्या गोष्टी तो घरी जेवताना सांगायचा. बायको हसायची. ऐकायची. तिला ऐकायची सवय होती. एका मोठ्या कचेरीत ती टेलिफोन बोर्डावर बसायची, दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडायची आणि तोडायची.

तिथली एक काळी कुत्री होती, शाई नावाची. घोटीव अंग, शांत, हुशार. एकदा सुईवाल्याने तिला नेहमीच्या जागी न टोचता नळाजवळ टोचलं, कारण ओटा ओला होता. सुई सणकून लागली. त्याच वेळी शेजारी पत्र्याची बादली भरत होती. शाई सुईवाल्यावर गुरगुरली नाही, काही नाही. पण त्या दिवसापासून ती पत्र्याच्या बादलीतलं पाणी पिईना. तहानेने जीभ बाहेर आली तरी बादली दिसली की मान आकसायची, मागचे पाय थरथरायचे. तिला विचारलं असतं तर काय सांगणार होती ती? तिलाही माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाला, भीती सुटली की तिला कुठेतरी बसावं लागतं, जे समोर दिसेल त्यावर बसते. त्याने घरी सांगितलं तेव्हा बायकोचा घास हातातच राहिला होता. "मग काय केलंत?" तिने विचारलं होतं. "काय करणार? बादली बदलली." दोघं हसली होती.

तो पुलाच्या कठड्यापाशी थांबला. खाली पाणी नव्हतं, रेल्वेचे रूळ होते, त्यांच्यामध्ये खडी आणि गवत. त्याला निलगिरी आठवली. तपासणीनंतर काही दिवसांनी बायकोला पुन्हा सर्दी झाली, तिने रुमालावर निलगिरीचे थेंब टाकले आणि त्याच्या शेजारून गेली, एवढंच. आणि तो एकदम दोन पावलं मागे सरला. डोळ्यांना धार लागली. निलगिरी त्याच्या आवडीची होती, लहानपणापासूनची. "वास उग्र आहे गं," तो म्हणाला. तिने रुमाल पटकन मुठीत चुरगळला, धुवायला टाकला, आणि पुन्हा त्या घरात निलगिरीची बाटली दिसली नाही. त्याने नळीचा परिणाम असेल म्हणून सोडून दिलं होतं. आणखीही एक होतं. चहाचा कप देताना तिची बोटं लागली की त्याचा हात मागे यायचा. तो स्वतःवरच चिडायचा. म्हाताऱ्या हाताला शिकवायला गेला, मुद्दाम तिच्या हातावर हात ठेवून बसला, तर तळव्याला घाम. ती मात्र त्या दिवसापासून हलकी झाली होती. स्वयंपाकघरात गुणगुणायची. रात्री कूस न बदलता झोपायची. त्याला वाटायचं, माझा तपासणीचा निकाल चांगला आला म्हणून. आता रुळांकडे बघत त्याने एकेक गोष्ट शेजारी शेजारी ठेवली, जशी तो कुत्र्याच्या बाबतीत ठेवायचा: वास कुठला, हात कुठला, जागा कुठली. तपासणीच्या दिवशीही तिला सर्दी होती. रुमाल तिच्या हातात होता. मी तिचा हात धरला होता. साठलं काहीच नाही म्हणत होता डॉक्टर. चांगला होता बिचारा, पण कुत्री पाळलेली नव्हती त्याने.

पुलावरून उतरल्यावर शाळा सुटत होती आणि त्याला कडेला व्हावं लागलं. पाठीवर दप्तरं, कुणाची वेणी सुटलेली. मुलीला तो मनी म्हणायचा; एवढी कुत्री झाली, घरात एक मांजर हवं, असं म्हणून ठेवलेलं नाव. ती मांजरासारखीच होती, हाक मारली की न येणारी. त्या संध्याकाळी भांडण कशावरून सुरू झालं, हे आता त्यालाही धड सांगता आलं नसतं. तिला नोकरी सोडायची होती, दुसऱ्या गावी जायचं होतं, तिथे कुणीतरी होतं, त्याचं घर होतं. त्याने नाही म्हटलं, मग आवाज चढवला, मग बस म्हटलं. ती उभीच राहिली. तो पुन्हा बस म्हणाला. ती म्हणाली, "मी कुत्रं नाही, बाबा." एवढंच म्हणाली, न रडता. आणि त्याने दाराकडे बोट केलं आणि आवारात कुत्र्यांना ज्या सुरात म्हणायचा त्याच सुरात म्हणाला, "बाहेर." ते एकच तिने ऐकलं. त्यानंतर तो फोनची वाट पाहत राहिला. फोन तेव्हा बोळकंडीत होता, एका तिरक्या स्टुलावर. वाजला की बायको उचलायची; घरात कामाची वाटणीच तशी होती, कुत्री त्याची, फोन तिचा. तो वर्तमानपत्रातून डोकं वर काढायचा नाही, पण कान तिकडे. बायको आत येऊन म्हणायची, वाणी होता. बहीण होती. चुकीचा नंबर लागला. कधी वाजायचा, कधी नाही, आणि तो कुत्र्यासारखा त्या आवाजाकडे बघत राहिला, वर्षानुवर्षं. मग स्टूल गेलं, तो फोन गेला, हातातले फोन आले. बायको दर आठवड्याला गॅलरीत दार ओढून बहिणीशी बोलायची. काचेतून तिचा हलणारा हात दिसायचा. बहिणीशी बोलताना माणूस इतकं हळू कशाला बोलतं, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. आलं असेल तरी तो ते ओलांडून गेला होता.

घराचा जिना चढताना तो मधल्या मजल्यावर टेकला. आत जाऊन काय करायचं, हे त्याला ठरवता येईना. न विचारता राहता आलं असतं. बादली बदलता आली असती. तिने तेच केलं होतं, बाटली फेकून. आणखी थोडी वर्षं, दोन माणसं, एक घर; ती गुणगुणते आहे, तो हात मागे घेतो आहे. नाही तर विचारायचं, आणि जे एकदा ऐकून रडलो ते पुन्हा ऐकायचं. त्याला विचित्र वाटलं ते हे की त्या पहिल्या रडण्याचा त्याला हेवा वाटत होता. तो कुणी वेगळाच म्हातारा होता, खाटेवरचा, त्याला सगळं माहीत होतं, आणि तो तासाभरात मेला. जाताना याच्यासाठी काही ठेवून गेला नाही. एक घामेजलेला तळवा तेवढा.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात बटाटे उकडत होते, पातेल्यावरचं झाकण खडखडत होतं. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. "मिळाल्या का गोळ्या?" तिने न वळता विचारलं. गोळ्या काउंटरवरच राहिल्या होत्या. तो खुर्चीवर बसला. "सिस्टर भेटली," तो म्हणाला.

कुठली सिस्टर, असं तिने विचारलं नाही. तिचा हात ओट्यावरच्या फडक्यावर होता, तो तिथेच राहिला. त्याने इतकी वर्षं जनावरांच्या पाठी वाचल्या होत्या. तिची पाठ त्याने वाचली.

"काय सांगितलंस तू मला त्या दिवशी?"

ती वळली. चेहरा एकदम थकला होता, पण खोटं बोलायची तयारी त्यावर नव्हती. "पुन्हा सांगू?" ती म्हणाली.

"पुन्हा तुझ्यासाठी. मी पहिल्यांदाच ऐकतोय."

ती समोरच्या खुर्चीवर बसली. फडकं मांडीवर घेऊन त्याची घडी घालू लागली. "फोन करायची ती," ती म्हणाली. "गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीच केला. बाबांना दे म्हणाली. मी म्हटलं, बाबा आत्ता बोलू शकत नाहीत. ती म्हणाली, कधी बोलतील? मी म्हटलं, मी कळवते."

मी कळवते. ते वाक्य त्याला माहीत होतं. बोर्डावर बसून दिवसाला शंभर लोकांना ती तेच सांगायची, साहेब बैठकीत असोत नसोत. त्या आवाजाची ती घरी नक्कल करून दाखवायची आणि मनी लहान असताना पोट धरून हसायची.

"का?"

"तुम्ही परत बाहेर म्हणाला असता. तुमचा आवाज मला माहीत होता. म्हटलं जरा निवू दे. ती रोज करायची, मग आठवड्याने, मग तिनेच बाबांना दे म्हणायचं सोडलं. तुम्ही निवलात हो, मला दिसत होतं, कान लावून बसायचात. पण तोवर..." तिने घडी मोडली. "एक दिवस सांगितलं नाही, की दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं सांगावं लागतं. मग कुठून सुरुवात करणार?"

"आणि गॅलरीत?"

"तीच. बहिणीला कुठे आहे माझ्याशी तासभर बोलायला वेळ, तिची सून बोलू देईल तर ना." हे ती सवयीने बोलून गेली आणि ओशाळली. "पोहायला शिकवते ती. लहान मुलांना. तुमचं विचारते. मी सांगते, बरे आहेत."

झाकण खडखडत होतं. त्याला उठून गॅस बारीक करायचा होता, पण तो उठला नाही. "मग त्या दिवशी मी काय म्हणालो?"

तिचा चेहरा सैलावला. हेच ते होतं. इतके दिवस ती कशावर गुणगुणत होती, ते तिच्या डोळ्यांत वर आलं. "तुम्ही रडलात आधी. मग म्हणालात, जाऊ दे गं, घाबरली होतीस तू. माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. एवढ्या संसारात कधी फिरवला नव्हता. मी तुमच्या पायाशी डोकं ठेवून..." तिने डोळे पुसले. "माफ केलंत तुम्ही मला. खरंच केलंत."

"ज्याने केलं तो मला भेटलेला नाही."

"असं काय बोलता? तुम्हीच होता."

"मग फोन का नाही लावलास? मी म्हणत होतो ना, आत्ता लाव?"

ती फडक्याची घडी पुन्हा घालू लागली.

"उद्या लावू म्हणालीस. उद्या मला काही आठवणार नाही, हे डॉक्टरकडून दोनदा वदवून घेऊन म्हणालीस."

"लावला असता तर दुसऱ्या दिवशी तुम्ही विसरला असता, पुन्हा पहिल्यापासून सगळं..." तिचा आवाज बोर्डावरचा झाला आणि तिलाच तो ऐकू आला असावा, ती थांबली.

"तुला माफी हवी होती," तो म्हणाला. "ती घेतलीस. मुलगी तेवढी मला परत द्यायची नव्हती."

तिने मान वर केली. बऱ्याच दिवसांनी तिच्या बोलण्यात धार आली. "शिकवलं कुणी मला? रोज जेवताना काय सांगायचात? कडू काम असं करायचं की आपला हात कळता कामा नये. अभिमानाने सांगायचात. मी तेच केलं. तुम्हाला त्रास होऊ नये, मलाही..."

"मी कुत्रा नाही," तो म्हणाला.

तिच्या मांडीवरचं फडकं घसरून खाली पडलं. याच खोलीत, याच दोन खुर्च्यांच्या मध्ये, मनी उभी होती तेव्हा. तेव्हा ते वाक्य ऐकून त्याने बोट उचललं होतं. आता तेच वाक्य त्याच्या तोंडातून निघालं आणि त्याला कळलं की असं म्हणून झाल्यावर माणसाकडे आणखी म्हणण्यासारखं काही उरत नाही, मग ते दाराबाहेर जातं. बायको त्याच्याकडे बघत नव्हती. ती खुर्चीत तिरकी वळली होती, नजर जमिनीकडे, आणि तिचा एक हात टेबलावर पुढे आला होता, मूठ सैल, पालथी. बिथरलेल्या जनावरापाशी कसं बसायचं, हे त्यानेच तिला केव्हातरी शिकवलं होतं. डोळ्यांत बघायचं नाही. हात पुढे करायचा आणि थांबायचं. वास घ्यायचा की नाही, ते त्याला ठरवू द्यायचं. ती हे मुद्दाम करत होती की तिलाही माहीत नव्हतं, त्याला सांगता आलं नसतं.  त्याला येऊ लागलेला वास निलगिरीचा नव्हता, नुसत्या उकडलेल्या बटाट्यांचा होता.

त्याचं काळीज कानात वाजत होतं. कपाळावर घाम होता, तोंड कोरडं. कुत्र्यांचा डॉक्टर म्हणायचा तो रस आता सुटला असणार, अंगभर, आणि मेंदूला हुकूम जात असणार, हे ठेव. आणि सगळं आत जात होतंही: झाकणाचा खडखडाट, ओट्याच्या टाइलचा उडालेला कोपरा, फडक्यावरची पिवळी रेघ, तिच्या बोटावरची रुतलेली अंगठी, मी कळवते. यातलं काहीही आता निघणार नव्हतं. मरेपर्यंत झाकण खडखडलं की हे येईल. तिने त्याला एका तासात, ब्रेक दाबून, यातून अलगद पलीकडे नेलं होतं आणि स्वतः मोकळी झाली होती. आता त्याला ते सगळं चालत यावं लागत होतं, आणि या वेळी कुणी सुई टोचली नव्हती.

तिचा हात टेबलावर तसाच होता. त्याने त्याला हात लावला नाही. तो उठला, गॅस बंद केला. खडखडाट हळूहळू थांबला.

"नंबर सांग तिचा," तो म्हणाला.

तिने ओठ हलवले. नंबर तिला तोंडपाठ होता, जसे एके काळी सगळ्या कचेरीचे असायचे. एकेक आकडा सुटा, स्वच्छ, पलीकडच्याला परत विचारावा लागू नये असा. सांगून झाल्यावर ती उठू लागली. "लिहून देऊ? चष्मा कुठे ठेवलात?"

"नको," तो म्हणाला. "राहील."